फिरत्या घराला बलुतेदार नाही

गाडीचं काम मिस्त्रीचं, आपण त्यात हात घालू नये, हे मत आपल्याकडे इतकं मुरलं आहे की ते एक मत आहे आणि त्यावर वाद होऊ शकतो, हेच कुणाच्या लक्षात येत नाही. कॅराव्हॅनच्या बाबतीत, म्हणजे जिच्यात झोपायची, रांधायची, हातपाय धुवायची सोय असते अशा गाडीच्या बाबतीत, ते आणखी ठासून सांगितलं जातं. चंदीगडला राहणाऱ्या माणसाच्या कानांवर ते सतत पडतं, कारण हे शहर शिवालिकच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वातीनशे मीटरवर आहे आणि इथून निघालेली गाडी दोन-तीन दिवसांत बारालाचा खिंडीत, पावणेपाच हजार मीटरच्याही वर जाते. पुण्या-मुंबईहून लाहौल, स्पिती, लडाखकडे निघालेले लोक त्यामुळे इथे एखादा मुक्काम करतात. सेक्टर २८ च्या नाहीतर मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटात गाडी दाखवतात, ऑइल बदलतात, ब्रेक बघून घेतात आणि ‘सगळं चेक केलं’ म्हणून निर्धास्तपणे डोंगराकडे तोंड वळवतात. या ‘सगळं’मध्ये काय येतं आणि काय येत नाही, तिथेच माझा आक्षेप आहे.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या सगळ्या ताकदीनिशी. आपल्या देशात मजुरी स्वस्त आहे. अमेरिकेतला मालक स्वतः पाना हातात घेतो तो हौसेनं नव्हे, तिथली मजुरी परवडत नाही म्हणून. आपल्याला ती अडचण नसताना रविवार का वाया घालवायचा? दुसरं, १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्या म्हणजे चाकांवरचे संगणक आहेत. त्यात सामान्य माणसाला कळण्यासारखं काही उरलेलं नाही. तिसरं, हात घातला की वॉरंटी गेली, आणि वर कायद्याचा बडगा. चौथं म्हणजे जिवाचा धोका. गॅस, वीज आणि डिझेल एका पत्र्याच्या डब्यात घेऊन आपण झोपतो. तिथे हौशी माणसाचं काय काम?

यातला बराच भाग मला मान्य आहे, आणि तो आधीच मान्य केलेला बरा. कॉमन रेल डिझेल इंजिनात इंधनाचा दाब दीड हजार बारच्याही वर जातो. त्या नळीला बारीक भेग असेल तर तिथून सुटणारी धार कातडीतून आत शिरते, आणि ती जखम सुईच्या टोचणीएवढी दिसली तरी बोट जाऊ शकतं. ब्रेक उघडणं, स्टिअरिंगचे सांधे, एअरबॅग, गिअरबॉक्स हीसुद्धा घरी करायची कामं नाहीत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-३ प्रतीचं कोरडं तेल २०५ अंशांला उकळतं, पाणी शोषल्यावर तेच १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतं, आणि कसौलीच्या बाजूनं परवानूकडे उतरताना, तीन टनांहून जड गाडी सारखी ब्रेकवर धरली की तेवढं तापमान गाठायला फार वेळ लागत नाही. मालकानं हे ठाऊक ठेवावं, तेल कधी बदललं याची नोंद ठेवावी, पण बदलायचं ते मिस्त्रीनंच. इथपर्यंत पूर्वपक्षाशी माझं भांडण नाही.

भांडण पुढे आहे. नैयायिकांच्या परिभाषेत या मताला अतिव्याप्तीचा दोष लागतो. जे चेसिसला लागू आहे ते चेसिसवर बांधलेल्या घरालाही लागू धरलं जातं. कॅराव्हॅन म्हणजे एकमेकांवर बसवलेल्या दोन वस्तू आहेत. खाली एक गाडी असते, आपल्याकडे बहुधा पुण्याच्या फोर्स कंपनीची ट्रॅव्हलर. तिला ओळखणारा मिस्त्री केलाँगलाही मिळेल आणि कोल्हापूरलाही. वर असतं घर: छपरातली खिडकी, पाण्याची टाकी, बारा व्होल्टचा पंप, बॅटरी, इन्व्हर्टर, सौर पॅनल, फ्रिज, शेगडी, गॅसची नळी, सांडपाण्याचा डबा. या दुसऱ्या वस्तूचा मिस्त्री कोण? मोटर मार्केटातला माणूस त्यात पडत नाही आणि प्रामाणिक असेल तर तसं सांगतोही. घरच्या वायरमनचा सगळा अनुभव २३० व्होल्टचा. प्लंबरला भिंतीत पुरलेले, न हलणारे पाइप माहीत. दिवसभर खड्ड्यांतून आदळणाऱ्या नळीच्या क्लिपशी त्याचा संबंध येत नाही. बांधून देणारा कारखाना असतो, पण तो तुमच्या मुक्कामापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर.

जिथे ही वाहनं जुनी झाली आहेत तिथे हा भेद कधीच ओळखला गेला आहे. ब्रिटनमध्ये रस्त्यावर चालण्याची लायकी तपासणारी वार्षिक चाचणी वेगळी, आणि गाडीतल्या घराची तपासणी वेगळी. दुसऱ्या तपासणीत ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावून बघतात, गॅस आणि वीज तपासतात. जर्मनीत गॅसजोडणी दर दोन वर्षांनी तपासून घ्यायची असते. आपल्याकडे २०२१ मध्ये महाराष्ट्रानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच वर्षी केरळनंही आणलं. पार्क, नोंदणी, सवलती यांचा विचार झाला. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानकही आहे. पण ते गाडी बांधताना मंजुरीसाठी. तीन पावसाळे खाल्ल्यावर त्या घराची काय अवस्था आहे, हे दरवर्षी बघणारा धंदा इथे अजून रुजलेला नाही. तेव्हा ‘मिस्त्रीला दाखवा’ हा सल्ला अर्ध्या गाडीपुरता बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्या गाडीचा मिस्त्री अस्तित्वातच नसेल तर त्या सल्ल्याला अर्थ काय?

दुरुस्ती हे दुसऱ्याचं काम, ही समजूत मोटारीच्या फार आधीची आहे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’त ज्या व्यवस्थेचं शवविच्छेदन केलं तीत कुणब्याला नांगराचा फाळ स्वतः शेवटायची गरज नव्हती. लोहार होता, सुतार होता, चांभार होता. सुगीला बलुतं घातलं की वर्षभराची निगा वसूल. तिच्यातला अन्याय बाजूला ठेवून क्षणभर फक्त कारागिरीच्या अंगानं पाहू. ती चालत होती कारण गाव हलत नव्हतं. सुताराला पाटलाच्या गाडीचा कोणता आरा ढिला आहे हे ठाऊक असायचं, कारण तो आरा त्याच्याच बापानं बसवलेला असायचा. मालकाला आपल्या वस्तूची माहिती नसली तरी गावात ती माहिती असलेला एक माणूस नक्की होता. आपला शहरी मध्यमवर्ग त्याच सवयीत वाढला. लोहाराच्या जागी ओळखीचा गॅरेजवाला आला, एवढाच फरक. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे पंधरा वर्षं एकच गाडी नेणाऱ्या माणसाचा अनुभव खोटा नाही. त्याला बलुतेदार लाभलेला आहे.

कॅराव्हॅन मात्र गाव सोडण्यासाठीच घेतलेली असते. काझाच्या गॅरेजात तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचे जाता. तिथल्या माणसाला तुमच्या गाडीचा पूर्वेतिहास माहीत असणं शक्य नाही. कोणत्या फ्यूजवर काय आहे हे त्यानं कशावरून ओळखावं? माहिती असलेला माणूस गाडीबरोबर फिरला पाहिजे, आणि गाडीबरोबर फिरणारा माणूस मालकच.

मागे वळून पाहिलं तर जे लोक खरोखर गाड्यांत राहिले त्यांनी हे केव्हाच ओळखलेलं दिसतं. आपल्याकडचे घिसाडी गाढवावर नाहीतर गाडीत बिऱ्हाड घालून गावोगाव फिरत. भाता आणि ऐरण त्यांच्याबरोबर असे. राजस्थानापासून पंजाब-हरियाणापर्यंत सडकेच्या कडेला दिसणारे गाडिया लोहार तर पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीत राहिले. चित्तोड पडल्यावर, पुन्हा जिंकल्याशिवाय घर बांधणार नाही अशी शपथ पूर्वजांनी घेतली, अशी त्यांची परंपरा सांगते. १९५५ मध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांना चित्तोडगडावर समारंभानं प्रवेश देण्यात आला. या देशातले जुने ‘कॅराव्हॅनवाले’ हे, आणि ते जातीनं-धंद्यानं लोहार. त्यांनी ते जीवन हौस म्हणून पत्करलं नव्हतं, याचा मला विसर पडलेला नाही, आणि सुटीत डोंगर बघायला जाणाऱ्याशी त्यांची बरोबरी करण्याचा उद्धटपणाही करायचा नाही. मुद्दा इतकाच की फिरत्या घरात राहायचं तर कारागिरी घरातच असावी लागते, हे परदेशी खूळ नाही.

मनाली-लेह रस्त्यावरचा ट्रक घ्या. ड्रायव्हर आणि क्लीनर ही जोडी काय होती? क्लीनर हा गाडीबरोबर फिरणारा शिकाऊ मिस्त्री. लोखंडी कांब टायरवर मारून आवाजावरून हवा ओळखणं, रेडिएटरचा पाइप दाबून बघणं, पाट्यांच्या बोल्टावरून हात फिरवणं, ही त्याची रोजची कामं. लाहौलमधल्या तांदीच्या पेट्रोलपंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे असा फलक वर्षानुवर्षं होता. त्या रस्त्यावर ‘मिस्त्रीला बोलवू’ हे वाक्य कोण उच्चारणार होतं? भारतीय माणूस दुरुस्ती करत नाही हा सिद्धान्त ज्यांनी मांडला त्यांनी भारतीय म्हणून फक्त मागच्या सीटवर बसणारे मोजले.

आता घराच्या आत जाऊ, कारण हा वाद तत्त्वांपेक्षा तपशिलांवर मिटतो.

पहिलं गळणं. चंदीगडचा उन्हाळा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, हिवाळ्यात धुक्याच्या पहाटे पारा शून्याच्या आसपास येतो आणि मध्ये चांगला पावसाळा. छपरावरच्या प्रत्येक भोकाभोवतीचं सीलंट या तिन्ही ऋतूंत ताणलं-आकसलं जातं. आमच्या शेजाऱ्यांच्या, भाऊसाहेब आणि वहिनींच्या, ट्रॅव्हलरमध्ये पलंगाच्या डोक्याशी लॅमिनेटला फुगा आला. एका गॅरेजवाल्यानं बरोबर त्या फुग्याच्या वर, छपरावर, पांढऱ्या सिलिकॉनचा बोटभर जाड थर फिरवला. पुढच्या पावसात फुगा वाढला. पुन्हा थर. पुन्हा फुगा. पाणी ज्या भोकातून शिरतं तिथेच गळत नाही. ते प्लायवूडच्या आणि पत्र्याच्या मधून उताराच्या दिशेनं सरकतं आणि सांधा सापडेल तिथे प्रकटतं. शेवटी वहिनींनी आत टॉर्च धरली आणि भाऊसाहेब शिडीवर चढून होजपाइपनं पाणी सोडू लागले, आणि तेही वरून नव्हे, खालून: आधी खिडकीची खालची कड, मग बाजू, मग छपराची कड, मग एकेक स्क्रू. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. थेंब आला तो सौर पॅनलच्या पायाच्या स्क्रूशी पाणी पोचल्यावर, फुग्यापासून हातभर लांब. त्यानंतरचं खरं काम म्हणजे आधीच्या माणसानं फासलेलं सिलिकॉन खरवडणं, कारण सिलिकॉनच्या पुसट राहिलेल्या थरावर दुसरं कुठलंच सीलंट धरत नाही. आणि व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या जातीचं असलं तर ते पत्र्यालाही खातं. खरवडून, स्पिरिटनं पुसून, पायाखाली ब्यूटिलची पट्टी आणि कडेनं पॉलियुरेथेन, असं एकदा झाल्यावर ते गळणं थांबलं. यात कौशल्याचा भाग थोडा आणि वेळेचा जास्त. गॅरेजवाला मूर्ख नव्हता. अर्धा दिवस एका थेंबाची वाट पाहत बसणं त्याला परवडत नव्हतं, आणि त्याला तसं बसवण्याइतके पैसे आपण देत नाही. स्वस्त मजुरीचा युक्तिवाद इथे उलटतो: मजुरी स्वस्त म्हणूनच निदान घाईचं.

(जाता जाता: या शहराचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्ब्यूझिएनं १९२३ मध्येच घराकडे यंत्र म्हणून पाहायला शिकवलं. पॅरिसजवळ प्वासीला त्यानं बांधलेला सुप्रसिद्ध व्हिला साव्हॉय मात्र गळत असे. घरमालकीण बाईंनी त्याबद्दल पत्रांमागून पत्रं लिहिली. यंत्राला निगा लागते हे यंत्राचे कवी फारसं सांगत नाहीत.)

दुसरी वीज, आणि इथे तर घरच्या वायरमनचं कसब मालकाच्या अज्ञानाहून घातक ठरू शकतं. सहाशे वॉटचं उपकरण घरात २३० व्होल्टवर अडीच अँपिअरच्या थोडंसं वर ओढतं. तेच बारा व्होल्टच्या बॅटरीवरून चालवायचं तर तारेतून पन्नास अँपिअर जातात. समजा बॅटरीच्या लगमध्ये, म्हणजे तारेच्या टोकाच्या जोडात, एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा आहे; हातानं पिळून, टेप गुंडाळून केलेल्या जोडाला एवढा सहज येतो. घरच्या वायरिंगमध्ये त्या जोडावर एक दशांश वॉटसुद्धा उष्णता होणार नाही. वायरमननं आयुष्यभर असे जोड दिले आणि काही बिघडलं नाही, हे खरंच आहे. पण पन्नास अँपिअरला त्याच जोडावर पंचवीस वॉट उष्णता होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी साधी सोल्डरिंगची इस्त्री पंचवीस वॉटची असते. म्हणजे पलंगाखाली, उश्या-पांघरुणांच्या शेजारी, एक चालू सोल्डरिंगची इस्त्री ठेवून आपण झोपतो. हे ओळखायला अभियंता लागत नाही. भार चालू असताना मल्टीमीटरच्या दोन सुया जोडाच्या दोन बाजूंना लावायच्या. तिथे अर्धा व्होल्ट दिसला की जोड वाईट. लग बदलून, योग्य पकडीनं दाबून पुन्हा बघायचं. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज आहे की नाही हे तर नुसत्या डोळ्यांनी दिसतं. कित्येक गाड्यांत तो नसतो.

लिथियम बॅटरीचंही तसंच. लिथियम आयर्न फॉस्फेट शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, म्हणून तिच्यातला बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, चार्जिंग तोडतो. ऑक्टोबरात काझाला पहाटे सूर्य पॅनलवर येऊनही चार्जिंगचा काटा हलत नाही. मालक घाबरतो, आणि कुणी भेटलाच तर तो बॅटरी ‘गेली’ म्हणून सांगतो. ती गेलेली नसते, गारठलेली असते. आतली हवा कोमट झाली की दहा वाजेपर्यंत आपोआप सुरू.

गॅसचा मुद्दा पूर्वपक्षाला सर्वांत जोरदार वाटतो. मला तो माझ्या बाजूचा वाटतो. एलपीजी हवेहून जड. गळलेला गॅस तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळातच झरोका ठेवलेला असतो. आणि धूळ येते म्हणून तो झरोका बुजवणारे, त्यावर पायपुसणं टाकणारे लोक मालकच असतात! ज्याला झरोक्याचं कारण माहीत नाही त्यानं शेगडीला हात लावला नाही तरी तो सुरक्षित नाही. रेग्युलेटर उघडू नये, नवी नळी टाकण्याचं काम जाणकारानं करावं, हे कबूल. पण दर मुक्कामाला सांध्यांवर साबणाचं पाणी लावून फुगा येतो का बघणं, नळीवर छापलेली मुदत वाचणं, यासाठी कुणाची वाट बघायची? वर गेल्यावर गॅस ‘संपला’ असं वाटतं, तेव्हाही तेच. आपल्या सिलिंडरात ब्यूटेन भरपूर असतो आणि ब्यूटेनला वाफ व्हायला उणे अर्ध्या अंशाहून जास्त तापमान लागतं. बाहेर उणे पाच असेल तर सिलिंडर जड असूनही ज्योत मरतुकडी. हे ठाऊक नसलेला माणूस थंडीनं काकडत दार-खिडक्या लावून आत शेगडीवर ऊब घेत बसतो. बंद खोलीतल्या शेगडीनं, कार्बन मोनॉक्साइडनं माणसं गेल्याच्या बातम्या उत्तर भारतात दर हिवाळ्यात येतात.

डिझेलची गोष्ट थोडक्यात. साधं डिझेल कडक थंडीत दाटतं. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहील असं हिवाळी डिझेल इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये बाजारात आणलं, आणि ते तयार होतं पानिपतच्या रिफायनरीत. दिल्लीहून चंदीगडला येताना वाटेत ते गाव लागतं. रसद तुटल्यावर काय होतं हे त्या नावासमोर मराठी माणसाला निराळं सांगायला नको.

राहिला कायदा. इथे दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत दोन्ही पक्ष करतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बोलतं ते फेरबदलाबद्दल, दुरुस्तीबद्दल नाही. नोंदणीपत्रात जे लिहिलं आहे आणि उत्पादकानं जे ठरवलं आहे त्याच्याशी विसंगत असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कडकपणे सांगितलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक फेरबदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मालवाहू गाडी आणून अंगणात तिची कॅराव्हॅन बनवणाऱ्या हौशी लोकांनी हे कलम वाचावं. त्यांची बाजू मी घेत नाही. पण ढिला लग बदलणं, सीलंट भरणं, पंपाची जाळी धुणं याला फेरबदल म्हणणारं कलम कायद्यात नाही.

वॉरंटीचा बागुलबुवाही तपासून घ्यावा. सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर अपिलं झाली, दंडाचं काय व्हायचं ते होवो. पण त्या आदेशात एक सूत्र आहे: बाहेर काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, चुकीच्या दुरुस्तीनं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिनं निवडलेल्या क्षेत्रांत मोटारीही आहेत. ‘हात लावला की वॉरंटी गेली’ हे काउंटरवरच्या माणसाचं वाक्य आहे. ते कायद्याचं नाही.

पूर्वपक्षाचा एक जुळा भाऊ आहे, तो उलट बाजूनं येतो. तो म्हणतो, आपण जन्मजात जुगाडू. तार पिळू, चिंधी बांधू, गाडी पळवू. पंजाबात या वृत्तीची देवळं बांधायची तेवढी राहिली आहेत. पाण्याच्या पंपाचं डिझेल इंजिन लाकडी गाड्याला बसवून केलेला पीटर रेहडा, मोटरसायकलला जोडलेली हातगाडी. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जुगाड हेसुद्धा मोटार वाहनच आहे, त्याला कायदा लागू आहे, असा निर्वाळा दिला. एप्रिल २०२२ मध्ये पंजाब सरकारनं मोटरसायकल-रेहड्यांवर बंदीचा आदेश काढला आणि ओरड होताच मागे घेतला. गरिबाच्या पोटाचा प्रश्न आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ज्याच्या गाडीत फ्रिज आहे त्यानं जुगाडाचा अभिमान मिरवू नये. जुगाड बिघाड झाकतो, आणि झाकलेला बिघाड पुढच्या माणसाला सापडत नाही. फ्यूज उडतो म्हणून तिथे चांदीचा कागद गुंडाळणारा माणूस दुरुस्ती करत नसतो, साक्षीदार मारत असतो. कुणीतरी इथे हटकून नेकचंदचं उदाहरण देतं: सार्वजनिक बांधकाम खात्यातला रस्ते निरीक्षक, टाकाऊ मालातून १९७६ मध्ये लोकांना खुलं झालेलं रॉक गार्डन उभं केलं. थोर माणूस. पण त्यानं फुटक्या बांगड्यांचं शिल्प केलं. फुटकी बांगडी चिकटवून कुणाच्या हातात भरली नाही.

दुरुस्तीत समाधी लागते, असं म्हणणारा एक संप्रदायही आहे. रॉबर्ट पर्सिगच्या १९७४ सालच्या मोटरसायकलवरच्या पुस्तकानं त्याला बळ मिळालं. पर्सिग बनारसला शिकून गेलेला, त्यामुळे आपल्याकडे त्याचं विशेष कौतुक. मला समाधीशी कर्तव्य नाही. सीलंट खरवडताना ती लागलेली मी पाहिलेली नाही.

हे सगळं शिकायचं कधी? माझं उत्तर: गाडी घेताना. १९२९ मध्ये गांधीजींच्या चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं, तेव्हा तो वीस वर्षं चालला पाहिजे आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त असता कामा नये, असं अटींतच घातलं होतं. सूत किती निघतं याच्याइतकीच निगेची किंमत त्यांना महत्त्वाची वाटली. कॅराव्हॅनच्या शोरूममध्ये पडद्यांचा रंग विचारणाऱ्या किती जणांनी तारांचा नकाशा मागितला असेल? पाण्याची नळी कुठून कुठे जाते, कोणत्या पॅनेलमागे सांधा आहे, फ्यूज कोणता कशाचा, हे एका कागदावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नकाशा नाही म्हणाले तर भिंती बंद होण्याआधी कारखान्यात जाऊन फोटो काढावेत. बीएस-६ इंजिनाबद्दलही हेच. स्वस्तातला ओबीडी रीडर दोषाचा संकेतांक दाखवतो, कारण सांगत नाही. पण हातात संकेतांक असलेला मालक मोटर मार्केटात शिरतो तेव्हा संभाषण वेगळं होतं, आणि चांगल्या मिस्त्रीला असं गिऱ्हाईक आवडतं.

शेवटचा आक्षेप उरतो: ज्यांना यातलं काहीच जमत नाही, जमवायचंही नाही, त्यांनी काय करावं? त्यांनी कॅराव्हॅन घेऊ नये, भाड्यानं घ्यावी, आणि ड्रायव्हरसकट घ्यावी. केरळात आणि महाराष्ट्रात तशा मिळतात. तिथे गाडीचा धनी निराळा असतो, त्याचा माणूस बरोबर असतो, गळालं तर त्यानं बघायचं. भाड्यात त्याच्या मजुरीचे पैसे आलेले असतात. ठरवताना एवढंच विचारून घ्यावं की ड्रायव्हर त्याच गाडीवर किती दिवस आहे आणि पंपाचा फ्यूज कुठे आहे हे त्याला माहीत आहे का.